गाठी सोडलेला खण

"दिवेलागणीला या म्हणा त्यायला. भर दुपारच्याला कामून बोलवायलाव?"

"मी कुठं बोलवायलो? तेच म्हणायलेत. अफजलपूरहून सकाळी निघतेत, बारा-एकला पोचतेत, जेवतेत, अन् उन्हं उतरायच्या आत माघारी. जीप केलीय त्यायनी."

"मंग सांगा, दुपारचं घरी कोन नसतंय. कामाला असतेत सगळे."

"पोरगी बघायला येणाऱ्या मानसाला असं सांगू? घरी कोन नसतंय म्हणून?" नागप्पानं मोबाईल खिशात घातला. "व्हय म्हणून बसलोय मी. आता बदलत न्हाई."

दानम्मा चुलीपुढं बसली होती. मग हळूच म्हणाली, "अवो, मला दुपारचं दिसत न्हाई हे तुमाला ठावं हाय. त्यायला ठावं न्हाई. एक दिवस तसंच राहू द्यायचं होतं."

दिवेलागणीची गोष्ट नागप्पाला चांगली ठाऊक होती. बावीस वर्षांपूर्वी तो स्वतः कोहिनूर गावाला मुलगी बघायला गेला होता, तेव्हा सासूनं त्याला दिवेलागणीलाच बोलावलं होतं. पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन नीट आली, नीट बसली, नीट गेली. लग्नही गोरज मुहूर्तावर लागलं. दुसऱ्या दिवशी बाराच्या उन्हात नवी नवरी अंगणातल्या बैलाला धडकली, तेव्हा कुठं त्याला कळलं. तो आठ दिवस जेवला नाही म्हणतात. नवव्या दिवशी जेवला, कारण तिच्या हातची भाकरी चांगली होती. हे तो स्वतःच सांगतो, अजून, चारचौघांत, आणि हसतो.

मंठाळ गावात दानम्माला सगळे भाकरीची दानम्मा म्हणून ओळखतात. ज्वारीची कडक भाकरी, पापडासारखी, वर तीळ. एकदा भाजून चुलीच्या कडेला टेकवून वाळवली की महिनाभर खराब होत नाही. बसवकल्याणच्या खानावळीत तिची भाकरी जाते, लग्नाकार्यात जाते. पहाटे चारला ती बसते आणि ऊन ओसरीवर चढायच्या आत उठते. भाकरी थापताना ती बघतच नाही. कुठं जाड राहिली ते तळव्याला कळतं, कधी उलटायची ते वासाला. कोणी विचारलं तर म्हणते, डोळ्यानं भाकरी करणारी बाई मी अजून बघितली न्हाई.

उन्हात मात्र तिचं सगळं जग चुन्याच्या पाण्यात बुडाल्यासारखं होतं. पांढरं, नुसतं पांढरं, आणि त्यात डोळे मिटमिटत, बुबुळं थरथरत. रंग तिनं कधी बघितलेच नाहीत. हिरवं म्हणजे मळकं, लाल म्हणजे काळं. टमाटा पिकला की नाही ते ती दाबून बघते. पण ऊन कललं, माणसं दिवे लावायला लागली, की तिचं उजाडायचं. सुई तेव्हाही ओवता यायची नाही, पण कुठं पाय अडखळायचा नाही, गल्लीतला माणूस चालीवरून ओळखू यायचा. त्यामुळं गावात निम्म्या लोकांना वाटायचं की बाई सोंग करते. दिवसा ठेचाळती अन् रातच्याला पळती, असला कसला आंधळेपणा. रानात कामाला जायला नको म्हणून, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी ती संध्याकाळचीही ठेचाळायला लागली, तेव्हा नागप्पा तिला सोलापूरच्या डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई होती, वयानं लहान. तिनं दानम्माच्या डोळ्यांना तारा लावल्या, अंधारात बसवून दिवे चमकावले, मग बाहेर येऊन कागद पुढं घेतला. डोळ्याच्या मागच्या पडद्यात दोन जातीचे कामकरी असतात, असं तिनं समजावलं. एक उजेडात काम करतात, रंग आणि बारकावा तेच बघतात. दुसरे कमी उजेडाचे. तुमचे पहिले लहानपणीच गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जिवावर चाललं होतं, आता तेही थकायला लागलेत. असा आजार फार थोड्यांना होतो आणि यावर आज तरी औषध नाही. उन्हात घालायला गडद चष्मा देते.

दानम्मा म्हणाली, म्हणजे दिवसपाळीचे मेले अन् रातपाळीचे म्हातारे झाले. डॉक्टरीण म्हणाली, अगदी तसंच.

मग तिनं विचारलं, आईवडील नात्यातले का?

दानम्मानं हे उत्तर मान वर करून दिलं. आमच्याकडं ही अभिमानाची गोष्ट. "व्हय तर. माजी अव्वा तिच्या सख्ख्या मामाला दिलेली. परक्या घरात गेलीच न्हाई ती."

डॉक्टरीणबाईनं कागदावर गोल काढले, चौकोन काढले, रेघा ओढल्या. तुमच्या आईत हा दोष अर्धा होता, वडिलांत अर्धा होता, दोघांनाही त्याचा त्रास नव्हता, असं म्हणाली. एकाच घरातले दोन अर्धे तुमच्यात येऊन मिळाले. तुमच्या मुलीचे डोळे चांगले आहेत, पण तुमच्याकडून एक अर्धा तिच्यात गेलेलाच आहे. तिचं लग्न कुठं ठरलंय का?

तेव्हा दानम्माची वर केलेली मान खाली आली. कारण ठरलेलं होतं. एकवीस वर्षांपूर्वी, पाळण्यात. नागरत्नाचं नाव ठेवायच्या दिवशी दानम्माच्या आईनं, गौरम्मानं, पाळण्याची दोरी हातात धरून सगळ्यांदेखत सांगितलं होतं की ही माझ्या अनिलकुमारची. अनिलकुमार म्हणजे दानम्माचा पाठचा भाऊ, तेव्हा नऊ वर्षांचा. आता तो तीस वर्षांचा आहे, कलबुर्गीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. त्याच्यात खोट काढायला जागा नाही. एकच, की तो त्याच आईबापाचा.

डॉक्टरीण म्हणाली, तुमच्या भावात तो अर्धा असेल किंवा नसेल, रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. असला तर चार लेकरांतलं एखादं तुमच्यासारखं होऊ शकतं, एखाद्याच घरात दोन-तीनही होऊ शकतात. मुलीला बाहेर द्या. मी तुम्हाला दुसरं काही देऊ शकत नाही, हे एक सांगते.

दवाखान्यातून दानम्मानं दोन गोष्टी आणल्या. गडद चष्मा, जो घातला की पोरं हिरोईन आली म्हणून ओरडायची. आणि ते एक वाक्य.

वाक्य घेऊन ती आधी आईकडं गेली. गौरम्मानं ऐकून घेतलं आणि विचारलं, माझे डोळे कुठं गेलेत? सत्तरीला आलेय, तांदळातला खडा दिसतोय. मामाला दिल्यानं डोळे जात असते तर अर्धा बिदर जिल्हा चाचपडत फिरला असता. गोल-चौकोनाचा कागद दानम्मानं पुढं केला, तर गौरम्मानं त्याची घडी घालून कोनाड्यात डब्याखाली ठेवली. नंतर तो सापडला नाही.

मग दोन वर्षं दानम्मानं मुलीसाठी बाहेरचं स्थळ शोधलं. भाकरी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. एक भालकीचं आलं, एक हुमनाबादचं. दोन्ही ठिकाणी गावातल्याच कुणीतरी आधी कानावर घातलं की पोरीची आई दिवसाची आंधळी आहे, रक्तात आहे. दोघंही दारापर्यंत आले नाहीत. म्हणून तिसरं तिनं लांबचं बघितलं. अफजलपूरकडचं, भीमेच्या काठचं, जिथं मंठाळचं कुणी जात नाही. मुलगा खताच्या दुकानात, घरचा ऊस. फोटो आवडला, फोनवर मुलगा-मुलगी बोलले, आवडले. राहिलं होतं फक्त येऊन बघणं.

आलेल्या सुवासिनीची खणानारळानं ओटी भरल्याशिवाय आमच्याकडं तिला दारातून जाऊ देत नाहीत. मुलगी बघायला आलेल्या मुलाच्या आईला तर नाहीच. रिकाम्या ओटीनं गेली तर तिकडं ते नकारासारखं लागतं. दानम्माच्या ट्रंकेत खण असायचे आणि तिनं त्यांच्या खुणा ठरवल्या होत्या. हिरव्याच्या कोपऱ्याला एक गाठ. लालच्या कोपऱ्याला दोन. बिनगाठीचा तो काळा, नागरत्नानं संक्रांतीला पोलक्यासाठी आणलेला आणि शिवायचा राहिलेला. हिरवा गेल्या महिन्यात शेजारी दिला गेला. राहिले दोन. चुकायचं कारणच नव्हतं.

पाहुणे साडेबाराला आले. चैत्रातलं ऊन अंगणात वितळल्यासारखं पडलेलं. दानम्मानं चष्मा घातला नव्हता, घातला असता तर विचारलं असतं. सकाळपासून तिनं पावलं मोजून ठेवली होती. चुलीपासून उंबरा सात, उंबऱ्यापासून सतरंजी चार. पाणी दिलं, सांडलं नाही. वाढणं नागरत्नाकडं ठेवलं होतं, मुलगी वाढते कशी ते बघायचंच असतं पाहुण्यांना. मुलाची आई, कमलम्मा, भाकरी मोडून म्हणाली की अशी भाकरी आमच्याकडं कुणाला जमत नाही. दानम्मा मान खाली घालून हसली. मान खाली घातली की बुबुळं दिसत नाहीत. आईला लाज लई, असं कमलम्माचा नवरा नागप्पाला म्हणाला, आणि नागप्पानंही, व्हय, पहिल्यापासून, असं सांगून टाकलं.

जेवणं झाली. कमलम्मानं नागरत्नाला शेजारी बसवून घेतलं, हात हातात घेतला. गोष्ट जमल्यात जमा होती. दानम्मा ओटीचं सामान आणायला आतल्या अंधाऱ्या खोलीत गेली, ट्रंक उघडली, वरचा खण उचलला आणि कोपरा चाचपला.

गाठ नव्हती.

दुसरा उचलला. चारही कोपरे बघितले. त्यालाही नव्हती. दोन्ही खण गुळगुळीत, कडक घडीचे. डोळ्यांजवळ धरले. एक लाल, एक काळा, आणि तिला दोन्ही सारखेच काळे.

नागरत्नाला हाक मारावी तर ती कमलम्माच्या मांडीला मांडी लावून. यातला लाल कोणता गं, असं आईनं मुलीला विचारलं की सगळं उघडंच पडलं. नागप्पाला खोकून दाखवलं, तर तो ओसरीवर कमलम्माच्या नवऱ्याला आपल्या बोअरचं पाणी किती फुटांवर लागलं ते सांगत होता. नुसता नारळ द्यावा तर ओटी अर्धी. ती किती वेळ तशी उभी राहिली कुणास ठाऊक. शेवटी तिनं उजव्या हातातला खण परत ठेवला आणि डाव्या हातातला घेतला. का, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

कमलम्मा उंबऱ्याजवळ पदर पसरून उभी राहिली. दानम्मानं हळदकुंकू लावलं, ते बरोबर लागलं, कपाळ बोटाला कळतं. मग नारळ, तांदूळ, आणि वर खण. कमलम्मानं पदरातला खण दोन बोटांनी उचलला.

"अक्का, ह्यो काळा हाय."

दानम्माला तेव्हाही सांगता आलं असतं, की चुकलं, गडबडीत चुकलं, थांबा बदलून देते. पण ती म्हणाली, "आमच्यात काळाच घालतेत."

आमच्यात कुणीच घालत नाही. लग्नाच्या गोष्टीत तर काळा दोराही पुढं येऊ देत नाहीत. हे कमलम्मालाही ठाऊक, कारण तीही आमच्यातलीच. तिनं दानम्माची हनुवटी धरून तोंड वर केलं. दाराच्या उन्हात दानम्माचे डोळे मिटले, उघडले, थरथरले. कमलम्मानं आपला हात तिच्या तोंडापुढं धरला.

"माज्या बांगड्या कंच्या रंगाच्या हायत?"

सुवासिनीच्या हातात काय असणार, असा विचार करून दानम्मा म्हणाली, "हिरव्या."

बांगड्या लाल होत्या.

कमलम्मा वाईट बाई नव्हती. तिनं आरडाओरडा केला नाही. खण घडी करून दानम्माच्या हातात परत दिला, नारळ-तांदूळ ठेवून घेतले, नागरत्नाच्या गालावरून हात फिरवला. जाताना एवढंच म्हणाली, "पोरगी सोन्यावानी हाय तुमची. मी बी आईच हाय, अक्का."

तिसऱ्या दिवशी नागप्पाला फोन आला की पत्रिका जुळत नाही. नागप्पानं फोन ठेवला आणि बायकोला विचारलं, आपण पत्रिका कधी दिली होती? दिलीच नव्हती.

त्या संध्याकाळी नागरत्ना आईजवळ येऊन बसली आणि सांगायला लागली. गाठी तिनंच सोडल्या होत्या. आदल्या दिवशी शेजारून इस्त्री आणली, साडी केली, मग वाटलं खणही करावेत. पाहुण्यांपुढं चुरगळलेल्या कोपऱ्याचा खण बरा दिसत नाही. परत बांधायच्या ध्यानात होतं, पण मग पीठ चाळायचं निघालं.

दानम्मा तिला रागावली नाही. रागावण्यात आता काय होतं? तिनं विचारलं, "तुला तो पोरगा आवडला होता का?"

"व्हय," नागरत्ना म्हणाली. मग म्हणाली, "मामा बी वाईट न्हाई, अव्वा. तो तुज्या डोळ्याला हसत तरी न्हाई."

बातमी कोहिनूरला गौरम्मापर्यंत पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. ती मुलाला घेऊनच आली. लग्नाच्या निश्चयाला सोमवार धरलाय, असं आल्या आल्या सांगून टाकलं. दानम्मानं भावाला बाजूला, मागच्या गोठ्यात नेलं. ऊन उतरलं होतं, तिला त्याचा चेहरा अंदाजानं दिसत होता. ती त्याच्या कधी पाया पडली नव्हती, मोठी बहीण ती. तिनं वाकून त्याचे पाय धरले.

"अन्या, तू न्हाई म्हण. माझं कोन ऐकत न्हाई. तुझं अव्वा ऐकती."

त्यानं तिला उठवलं. मग म्हणाला, "मी न्हाई म्हणलो तर तिला कोन नेतंय, अक्का? तीन ठिकानं झाली. आता अफजलपूरपर्यंत गेलं असंल सगळं."

"मंग रक्त तपास तुझं. सोलापूरला न्हाई जमलं तर हैदराबादला जा. तुज्यात नसंल तर मी स्वतः हळद लावते तुला."

हे त्याला पटल्यासारखं झालं. तो मान हलवणार होता. पण गौरम्मा गोठ्याच्या दारात कधीची उभी होती. ती आत आली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, रक्तात निघालं तर? मग ह्याला कोण मुलगी देईल? एक तू डोळ्यानं बसलीस, एक तुझी पोर बिनलग्नाची बसेल, आणि तिसरा हा. माझ्या घरातले तिघं मी कागदावर लिहून देऊ?

अनिलकुमार खाली बघत राहिला. दानम्माला त्याच क्षणी कळलं की तो जाणार नाही. त्याला भीती आजाराची नव्हती, कागदाची होती. आणि खरं सांगायचं तर, तो चुकीचं घाबरत नव्हता. तिच्याच मुलीची तीन स्थळं मोडली होती.

अनिलकुमार बाहेर गेल्यावर गौरम्मा लेकीजवळ आली. इतक्या वर्षांत कधी न सांगितलेलं तिनं तेव्हा सांगितलं, जसं एखादी बाई जुनं भांडं फडताळातून काढून देते. "तीन महिन्याची होतीस. उन्हात नेलं की तोंड फिरवायचीस, माज्या खांद्यात घालायचीस. तुजा अप्पा म्हणायचा, पोरगी लाजायलीय."

"मंग तुला तवाच कळलं होतं, यव्वा?"

"कळून काय करनार होते मी," गौरम्मा म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

अनिलकुमारशी लग्न वैशाखात धरलं. लग्नाच्या भाकरी आधी पंधरा-वीस दिवस करून ठेवायच्या असतात, आणि भाकरीच्या दानम्माच्या घरचं लग्न, भाकरी दुसरीकडून कशा येणार? ती पहाटे चारला बसायला लागली. चुलीपलीकडं ठेवलेला तांब्या तिला दोनदा हाताला लागला नाही. पूर्वी त्या अंधारात तिला तांब्याची कड दिसायची.

नागरत्ना चाळण घेऊन समोर बसली. होणाऱ्या नवरीनं पिठात हात घालू नये म्हणतात, पण दुसरं होतं कोण? चुलीत जाळ लागला. दानम्मानं पातेल्यात पाणी ठेवलं आणि त्याच्याकडं तोंड करून, मुलीकडं न बघता बोलली.

"लेकरू झालं की तिसऱ्या महिन्यात बाहेर घेऊन उभी राहा. भर उन्हात. तोंड फिरवलं, तुज्या खांद्यात घातलं, तर लाजायलंय म्हणू नको."

नागरत्नाची चाळण थांबली. "आन् फिरवलं तर काय करायचं, अव्वा?"

पातेल्यातलं पाणी कडेनं बोलायला लागलं होतं. दानम्मानं कान दिला, उकळी पुरी होऊ दिली, फडक्यानं पातेलं धरलं आणि पिठाच्या मध्ये केलेल्या आळ्यात पाणी ओतलं. वाफ तिच्या तोंडावर आली. उलथण्यानं पीठ ढवळत ती म्हणाली, "अजून दोन मापं चाळ. एवढं पुरत न्हाई." मग हात ओला करून तिनं पहिला गोळा मळायला घेतला.